सोयीचा वार

किडनीच्या रुग्णांसाठी चालणाऱ्या संस्थेनं शिवणकाम करणाऱ्या वहिनींना मोठ्या कौतुकानं समितीवर घेतलं. बैठक महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी, आणि नेमकं तेव्हाच वहिनींचं डायलिसिस. वार बदला म्हणून त्यांनी दोनदा विनवलं. अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "बाकी सगळ्यांना हाच सोयीचा पडतो हो."

तिसऱ्या बैठकीला वहिनींनी एका हातात डायलिसिसच्या सुया असताना दुसऱ्या हातानं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडे रुग्णदिनाला काय वाटायचं यावर चर्चा चालली होती. सगळ्यांचं मत शालींच्या बाजूनं पडत होतं.

"शाली कसल्या वाटताय? घरी सोडायला गाडी द्या!" शेजारच्या खाटेवरचे म्हातारे मास्तर ओरडले. "मशीनवरून उठलं की पायात त्राण राहत नाही. बसथांबा गाठेपर्यंत जीव जातो."

"आठवडा झाला, इंजेक्शन मिळत नाहीये," पलीकडची बाई म्हणाली. मग आठही खाटा बोलू लागल्या.

"वहिनी, बैठक चाललीय!" अध्यक्ष वैतागले. "ही बाहेरची माणसं कोण मध्येच बोलतायत?"

वहिनींनी फोन आणखी उंच धरला.

"बाहेरची नव्हेत, साहेब. ज्यांच्यासाठी संस्था काढलीत, ती."