पत्ता सांगा

"पत्ता सांगा."

रेकॉर्डिंगमधला आवाज सपाट होता. मॅडमनी हेडफोन कानांवर नीट बसवला आणि थंड झालेला चहा बाजूला सारला. रुग्णवाहिकांच्या या कंट्रोल रूममध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. आधी फोन घेण्यात, आता फोन घेणाऱ्यांवर देखरेख करण्यात. लोकांचं रडणं ऐकून कान किटले होते. त्याचं पूर्वी वाईट वाटायचं, आताशा तेही वाटेनासं झालं होतं.

पाच वाजायच्या आत एक अहवाल जायला हवा होता. नव्या उमेदवाराचे सहा महिने संपले होते. त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं, एवढंच लिहायचं होतं.

त्याच्या फाइलीत पहिल्याच पानावर डॉक्टरांचं पत्र होतं. अ‍ॅस्पर्जर. माणूस हुशार, नियमाला पक्का, फक्त चारचौघांशी मोकळं बोलणं जमत नाही. असा उमेदवार खात्यात पहिलाच. सकाळीच मुख्यालयातल्या साहेबांचा फोन येऊन गेला होता.

"मॅडम, असे अजून पाच अर्ज माझ्या टेबलावर आहेत. दोन अग्निशमनला, तीन आपल्याकडे. तुम्ही होय म्हणालात तर पुढे सरकवतो. नाही म्हणालात तर बासनात."

"म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात."

"तुमचा कान तयार आहे, म्हणून."

कंट्रोल रूममध्ये त्याला सगळे 'कार्ड' म्हणत. प्रत्येक टेबलावर प्रश्नांचं एक कार्ड असतं. जुनी मंडळी ते कपाखाली ठेवतात. हा मात्र पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत, क्रमानं, दर वेळी वाचायचा. कुणी चेष्टा केली तर हसायचा नाही. ती चेष्टा होती का, हे दुसऱ्या दिवशी येऊन विचारायचा.

अहवालाआधी कुठलाही एक कॉल उचलून ऐकायचा, असा नियम होता. कॉम्प्युटरनं कालच्या दुपारचा दिला. काल दोघं आजारी होते. पाच टेबलांचं काम तिघांनी ओढलं होतं.

फोनवरची बाई धापा टाकत होती. "अरे, हे पडलेत. बाथरूमजवळ. हलत नाहीत रे."

"पत्ता सांगा."

"अरे, पत्ता काय विचारतोस?"

घाबरल्यावर माणसं अहोजाहो विसरतात, आणि कंट्रोल रूमला सगळं आपोआप कळतं असंही धरून चालतात. मॅडमना दोन्हीची सवय होती. अशा वेळी त्या म्हणत, 'घाबरू नका, मी आहे ना.' निम्मं औषध या वाक्यात असतं, असं त्या नव्यांना शिकवायच्या.

"पत्ता सांगा," कार्ड पुन्हा म्हणाला.

"पाण्याच्या टाकीमागे... निळं फाटक... दुसरा मजला, डावीकडचं दार."

"पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक, दुसरा मजला, डावीकडचं दार. बरोबर?"

"हो रे."

"रुग्ण तुमचे कोण?"

बाई एकदम गप्प झाली. दोन सेकंद नुसता श्वास. मग म्हणाली, "माझे मिस्टर."

मॅडमना कसंसंच झालं. विचारायचं ते विचारायलाच हवं, पण असं?

"वय?"

"सत्तर असेल... मला काही सुचत नाही रे."

नोंदीत त्यानं एक्काहत्तर टाकलं होतं. मॅडमनी गुण कापला. आकड्यांना पक्का म्हणून ज्याची ख्याती, तोच आकड्यात चुकला होता.

"दाराची कडी काढून या. आता दोन्ही तळवे छातीच्या मधोमध. मी मोजतो तसं दाबा. एक, दोन, तीन, चार."

नऊ मिनिटं तो मोजत राहिला. मध्येच बाई म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही रे, हात गेले." तो म्हणाला, "दाबा. एक, दोन." शेवटी गाडीवाले आत आल्याचे आवाज आले आणि फोन बंद झाला. पुढचा कॉल त्यानं अकराव्या सेकंदाला घेतला होता. अवघड कॉलनंतर दहा मिनिटं उठायची मुभा असते. हा पाणी प्यायलाही उठला नव्हता.

पेशंट जिवंत दाखल झाल्याची नोंद होती. कामात खोट काढायला जागा नव्हती. पण मॅडमच्या कानातून ती बाई जाईना. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट नऊ मिनिटांत बिचारीच्या वाट्याला हा दगड यावा.

त्या पाच अर्जांवरून मन त्यांना खात होतं. तरी त्यांनी लिहिलं: 'प्रक्रिया अचूक. परंतु माणुसकीचा ओलावा नाही. या सेवेस अयोग्य.' पाचला पाच मिनिटं कमी असताना बटण दाबलं आणि अहवाल गेला.

साडेपाचला दारावर टकटक झाली. कार्ड होता. डोळे लाल, पण कंट्रोल रूममध्ये ते सगळ्यांचेच असतात. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

"रजेचा अर्ज. उद्यापासून चार दिवस."

"कशासाठी?"

"घरगुती. सविस्तर लिहायची सक्ती नाही. अर्जाच्या मागे छापलंय."

"एवढी नड होती तर आज तरी कशाला आलात?"

"अर्ज एक दिवस आधी द्यायचा असतो. आणि माणसं कमी आहेत."

मॅडमनी न वाचता सही केली. अहवालाचं आत्ताच सांगून टाकावं असं वाटलं, पण अंगात त्राण नव्हतं. परत आला की सांगू, असं त्यांनी ठरवलं. तो दार हलकेच लावून गेला.

अर्ज फाइलीत घालताना त्यांनी सवयीनं रकाने तपासले. अक्षर छापल्यासारखं होतं. नाव, हुद्दा, तारखा. शेवटचा रकाना, रजेच्या काळातला पत्ता. तोही पूर्ण भरला होता.

'पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक, दुसरा मजला, डावीकडचं दार.'