खर्जाची ओळ

“अहो, हा स्वर माणसाला लागायचाच नाही!” खर्जवाल्यांच्या म्होरक्याने हातातला कागद बाकावर आपटला. त्याच्या रांगेतले सगळे घसे खाकरत बसले होते. एकाला तर खाली उतरता उतरता ठसकाच लागला होता.

धाकटा समोर उभा होता. संध्याकाळी प्रार्थनागृह माणसांनी भरणार, त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची अपुरी राहिलेली प्रार्थना पहिल्यांदाच गायली जाणार, आणि शेवटचं कडवं अजून अडून बसलेलं. थोरल्याने या कडव्यात एकच ओळ लिहिली होती, सगळ्यात खालच्या आवाजाची. वरचे आवाज कोरेच ठेवून तो गेला. ते भरायला वहिनींनी धाकट्याला बोलावलं, तेव्हा अख्ख्या वृंदाने नाकं मुरडली. साबणाच्या जाहिरातींना चाली लावणारा माणूस देवाचं गाणं पुरं करणार म्हणे!

नाकं मुरडायचा पायंडा खुद्द थोरल्याचाच. “साबण विकणारा माझ्या वृंदात नको,” असं चारचौघांत सुनावून त्याने सख्ख्या भावाला हाकललं होतं. धाकटा तरी काय कमी? “तुझ्या वृंदात पुन्हा तोंड उघडलं तर बापाचं नाव लावणार नाही,” म्हणून तरातरा निघून गेला. मग वर्षानुवर्षं अबोला. आजारपणाचं त्याला कुणी कळवलं नाही. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, ही बोच काही केल्या जात नव्हती. निदान हे गाणं तरी दादाच्या मनासारखं व्हावं, म्हणून त्याने जिवाचं रान करून वरचे आवाज लिहिले होते.

“दुखण्यात हात चुकला असेल हो त्यांचा,” म्होरक्या जरा नरमला. “वरच्या सप्तकात घेऊ या. नाहीतर कडवंच गाळू. लोकांना काय कळतंय?”

“दादाचा एकही स्वर हलवायचा नाही.”

“मग घ्या, तुम्हीच गाऊन दाखवा!”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. धाकट्याची कानशिलं तापली. बापाच्या नावाने घेतलेली शपथ त्याला आठवत होती, चांगली आठवत होती. तरी त्याने कागद उचलला आणि तोंड उघडलं.

स्वर लागला. ओढाताण नाही, काही नाही. आवाज खाली खाली उतरत गेला, तसे समोरचे लोक घसे खाकरायचे थांबले. जिथे त्याला दम घ्यावासा वाटला, नेमका तिथेच थोरल्याने विसावा लिहिलेला. जिथे त्याचा आवाज लहानपणापासून किंचित कापायचा, तिथे थोरल्याने स्वर आखूड ठेवलेला. “आली बघा विहिरीतली म्हैस!” म्हणून याच आवाजाला तो घरभर चिडवायचा. आणि आता ओळ कशी, अंगावर माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी बसत होती.

ओळ संपली. म्होरक्या मुकाट्याने सरकला आणि बाकावर आपल्या शेजारी जागा केली.

धाकटा बसला नाही. तो वहिनींकडे वळला. “वहिनी, हे त्याने कधी लिहिलं?”

“अगदी शेवटी, भावजी. बोलणंही तुटक झालं होतं तेव्हा.” वहिनींनी त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. “हाच कागद उशाशी घेऊन रोज विचारायचे, ‘तो आला का?’ मी म्हणायचे, येईल हो, येईल. मला मेलीला वाटायचं, इंजेक्शन देणाऱ्याचं विचारतायत.”