चार वाजताचा काढा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. "अण्णा, छाती अगदी स्वच्छ आहे. खोकला येतो कधी?"

"जेवून आडवा झालो की."

"सकाळी तोंडात आंबट पाणी येतं?"

"येतं की. पण सूनबाई रोज चार वाजता काढा देते. सुंठ, मिरी, लवंग. चांगला जहाल असतो."

डॉक्टर हसले. "पोटातलं आम्ल घशाशी चढतंय आणि तुम्ही त्यावर मिरी ओतताय! काढा बंद. या गोळ्या घ्या, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. महिन्यात खोकला थांबला, तर निदान पक्कं."

शेजारी बसलेल्या वैजयंतीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच वाढवला," सून पुटपुटली.

अण्णांना वेगळाच घोर लागला. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. काढा मात्र ते बेसिनमध्ये ओततील म्हणून, पेला रिकामा होईस्तोवर वैजयंती समोर बसायची. माहेरचं, शेजारचं सांगत राहायची. अण्णा मुद्दाम घोटघोट प्यायचे.

गोळ्या लागू पडल्या. महिन्याभरात खोकला पार गेला, आणि चार वाजताची वैजयंतीही.

एक दिवस चाराचे ठोके पडले. अण्णांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि जोरात खोकून दाखवलं.

वैजयंती बाहेर आली. हातात साध्या पाण्याचा पेला होता.

"खोटा होता," समोर बसत ती म्हणाली. "पण प्या. नेहमीसारखं, घोटघोट."