गाळलेलं पान

पान उघडलं की पुस्तक शेवटच्या वाचणाऱ्याच्या आवाजात बोलायचं. दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचलं की त्या पानावरचा जुना आवाज पुसला जायचा. म्हणून पत्नी कुमुदिनी गेल्यापासून दिगंबररावांनी बदकाच्या पिल्लाचं पुस्तक कुणाला वाचू दिलं नव्हतं. नातीबरोबर ते नुसतं ऐकायचे.

"आजोबा, या पानावर आजी गप्प का?" मांडीवरच्या शर्वीनं विचारलं.

चित्रात पिल्लू तळ्यात एकटंच होतं.

"लहानपणी इथं नुसतं चित्र बघूनच तुझी आई रडायची. म्हणून आजी दोन पानं एकदम उलटायची."

"मी नाही रडत. तू वाच."

या पानावर पुसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"पिल्लानं आईला खूप हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही."

शर्वीनं पान उलटलं.

"आले रे, आले!" कुमुदिनी म्हणाली. "किती हाका मारशील?"