आठवी प्रथा

अवकाशयानं उडवणाऱ्या माणसांच्या चालीरीतींवर प्रबंध लिहायला समाजशास्त्राच्या बाई वर्षभर नियंत्रण कक्षात येत होत्या. मागच्या रांगेत बसून त्या मुकाट्याने टिपून घ्यायच्या. प्रमुखांचा दर उड्डाणाला तोच विटका शर्ट, इंधनवाल्यांचं डावा पाय आधी टाकून आत येणं, अशा सात प्रथा वहीत जमल्या होत्या. एवढी शिकलीसवरलेली माणसं आणि ही तऱ्हा! बाईंना मनातल्या मनात हसू फुटायचं.

आज पाचवं उड्डाण होतं. दहा मिनिटं उरलेली असताना उलटी मोजणी एकाएकी थांबली. यानाला काय झालं, म्हणून बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. प्रमुख मात्र मागे वळून त्यांच्याकडेच बघत होते.

"बाई, जांभई राहिली."

"कोणाची?"

"तुमची. चारही वेळा तुम्ही बरोब्बर याच वेळी जांभई दिलीत आणि चारही यानं सुखरूप गेली. आकडेवारी आहे आमच्याकडे."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग साठ जणांच्या देखत चांगली आ वासून जांभई दिली.

"मोजणी चालू!"

यान झोकात गेलं. टाळ्यांच्या कडकडाटात बाईंनी वहीत आठवी प्रथा लिहिली: संशोधिकेची जांभई. इकडेतिकडे बघून पुढे हळूच दोन शब्द जोडले: हमखास गुणकारी.