गायींचं पाणी

चाळीस वर्षं बेक्का पाहुण्यांना वाळवंटातल्या गुहेत न्यायचा आणि खडकावर मशकीतलं पाणी मारायचा. त्यासरशी हजारो वर्षांपूर्वी रंगवलेल्या लाल गायी झळकायच्या, पाहुणे टाळ्या पिटायचे. दर वेळी थोडा रंग धुऊन जातोय, हे त्याला फार उशिरा उमगलं. आता गावानं गुहेची राखण आळीपाळीनं सुरू केली होती. आज पहिल्यांदाच बेक्काची पाळी होती. "चोराच्या हाती किल्ल्या!" वाळूत भाजलेली भाकर घेऊन येताना थोरली बहीण राइशा पुटपुटली. गुहेत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. पुसट गायी झळकत होत्या, हळूच माना डोलावत होत्या. "मेल्या, पुन्हा पाणी मारलंस?" बेक्कानं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. तिथं पाण्याची परात ठेवली होती. तिच्यातल्या पाण्यावरून उसळलेलं ऊन खडकावर हेलकावत होतं. "गुरांना पाणी पाजायचं असतं, अक्का. मी जन्मभर अंघोळी घातल्या."