येते हं!

"मला कळेल असं सांगा, हक्क आहे माझा," म्हणत शेवंताकाकूंनी घरी जायच्या सूचना सिस्टरकडून दोनदा वदवून घेतल्या. गुडघा नवा होता. मांडी घालायची नाही, पळायचं तर मुळीच नाही.

मग वॉकर सरकवत दारापाशी पोचल्यावर काकू सवयीनं म्हणाल्या, "येते हं!"

"अहो, येते काय!" अख्खा वॉर्ड ओरडला. "दवाखान्यातून निघताना जाते म्हणायचं!"

"जाते? असं अभद्र कसं बोलू?" काकू दारातच अडल्या. मागे खोळंबलेल्या स्ट्रेचरवरचे आजोबाही हसायला लागले.

एकदम काकूंचा चेहरा उजळला. हात उंचावून त्या म्हणाल्या, "पळते!"

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "या आत! सूचना पुन्हा पहिल्यापासून!"

काकू खुदखुदत वळल्या. "म्हटलं नव्हतं, येते म्हणून?"